ओल्या वेताची गाठ

वीज कंपनीच्या ऑफिसात आम्ही त्याला लेखक म्हणायचो. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे ज्याच्या त्याच्या तोंडावर असायचं. शिपाई म्हणायचा तेव्हा बहुतेक मानच असायचा, कारण त्यानं लेखकाचं पुस्तक उघडून बघितलेलं नव्हतं. बाकीच्यांनीही बघितलेलं नव्हतं, पण ते शिकलेले होते, त्यामुळं त्यांना मत होतं.

दोन कादंबऱ्या होत्या त्याच्या नावावर. एक विहिरी खोदणाऱ्या दोन भावांची, दुसरी लॉजच्या रखवालदाराची. छापल्या त्यातल्या निम्म्या प्रती अजून प्रकाशकाच्या माळ्यावर होत्या. तिसरी चालू होती. तिसरी मीटर बघणाऱ्या माणसाची. लेखक स्वतः आधी घरोघर मीटर बघत हिंडला होता, मग कधीतरी टेबलावर आला. मला म्हणायचा, "लोक दार उघडतात, मीटर कुठं आहे ते बोटानं दाखवतात, आणि मी तिथं उभा असतानाच नवराबायको राहिलेलं भांडण पुढं चालू करतात. मी म्हणजे त्यांना भिंतीवरची पाल. पाल दिसली तर निदान ओरडतात तरी."

मी शेजारच्या टेबलावर बसायचो, म्हणून हे मला ऐकावं लागायचं. पण ऐकण्यासारखं असायचं, हे सांगितलं पाहिजे.

घर त्याचं दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल. ऑफिसातून आला, हातपाय धुतले, की टेबलाशी बसायचा तो जेवणाची हाक येईपर्यंत. मूल नव्हतं. वहिनी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर कामाला. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून ती घरी यायची आणि घरी आल्यावर नवऱ्याची पाठ बघायची. जीभ तिखट बाईची. मी गेलो की म्हणायची, "या. ते आहेत, पण नाहीत. बसा."

तर एका सुट्टीच्या दिवशी वर्तमानपत्रातून फोन आला. रविवारच्या पुरवणीतली मुलगी बोलत होती. आवाज गोड, बोलणं भराभरा.

"काका, आम्ही एक पान करतोय. लेखक लिहीत नसतात तेव्हा काय करतात. तर तुमचा छंद काय?"

"छंद?"

"म्हणजे बघा ना, एक जण डोंगर चढतात. एका बाईंनी गच्चीवर ऑर्किड लावलीत. एक जण सतार वाजवतात, एक मातीची भांडी करतात. एक तर विमानांची छोटी मॉडेल्स बनवतात, खरी उडतात म्हणे. तुमचं काय?"

लेखकानं विचार केला. ऑफिस, लिहिणं, जेवण, झोप. अधूनमधून काडीनं कान कोरायचा, तेवढी एक मौज. कान कोरणं पुरवणीत येण्यासारखं नव्हतं. आणि काहीच करत नाही म्हटलं, तर त्या रांगेतून आपलं नाव गळणार. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला त्या माणसांच्या रांगेत उभं केलं होतं. समोर कोपऱ्यात एक वेताची खुर्ची होती. मेहुण्यानं कधीतरी आणून दिलेली, बैठक एका बाजूनं फाटलेली, वर धुवायचे कपडे टाकलेले.

"मी वेताच्या खुर्च्या विणतो," लेखक म्हणाला.

"अय्या! किती वेगळं!"

आतून वहिनी हातातलं भांडं तसंच घेऊन बाहेर आली. "कोण विणतं?"

त्यानं फोनवर हात ठेवला. "हळू बोल."

"तुम्ही? एक खिळा ठोका म्हटलं तर आठ दिवस भिंतीकडं बघत बसता तुम्ही."

"अगं, एक ओळ येणार पेपरात. तपासायला कोण येतंय?"

तपासायला फोटोग्राफर आला. आदल्या दिवशी कळवून आला, एवढीच मेहेरबानी. लेखक धावतपळत बाजारात गेला आणि वेताच्या पट्ट्यांची एक जुडी घेऊन आला. कोणती घ्यायची हे कळत नव्हतं, म्हणून दुकानदाराला म्हणाला, "नेहमीची द्या." फोटोग्राफरनं त्याला खुर्चीपुढं बसवलं, हातात पट्टी दिली. "काका, ओढल्यासारखं करा." लेखकानं ओढल्यासारखं केलं, तशी फाटकी बैठक उरलीसुरली तीही फाटली. फोटो मात्र झकास आला. ऑर्किडवाल्या बाईंचा काळा निघाला होता, म्हणून पानावर सगळ्यात मोठा ह्याचाच लावला. खाली चार ओळी. तीन वेताविषयी, एक लिहिण्याविषयी, आणि त्या एका ओळीत दुसऱ्या कादंबरीचं नाव चुकलेलं.

सोमवारी साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. ह्या साहेबानं तोवर लेखकाशी सहीखेरीज कशावरही बोलणं केलेलं नव्हतं.

"काय लेखक! कळू दिलं नाहीत कुणाला! आमच्या घरी एक खुर्ची आहे, सासऱ्यांची. पाठवून देतो. आणि हो, तुमचं ते पुस्तक पण वाचायचंय एकदा."

तिथं त्यानं खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालोही त्याला, चहाच्या टपरीवर. "सांगून टाक, लेखका. म्हणावं, फोटोपुरतं होतं."

"पुस्तक वाचायचंय म्हणाला रे."

"साहेब?"

"हो. स्वतःहून म्हणाला."

त्याचा चेहरा असा झाला होता की पुढं काय बोलणार? आयुष्यभर गोष्टी रचल्या बिचाऱ्यानं, डोकं शिणवून, ओळ न् ओळ खोडून. लोकांनी एकही खरी मानली नाही. आणि ही एक फोनवर, कान कोरता कोरता रचलेली, अख्ख्या गावानं खरी मानली.

मग तो शिकला. कुणाकडं जाऊन शिकला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून मेहुण्यानं दिलेली घरचीच खुर्ची त्यानं पट्टी पट्टी सोडवून बघितली. कोणती पट्टी चौकटीच्या कुठल्या भोकातून वर येते, कुठून खाली जाते, कुणाच्या वरून, कुणाच्या खालून. बोटं सोलली. आणि साहेबाच्या सासऱ्याची खुर्ची त्यानं विणून दिली. दिसायला बरी झाली होती. फक्त वेत भिजवावा लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. कोरडाच विणला. ऑफिसात वरिष्ठांची बैठक होती म्हणून साहेबानं हौसेनं ती खुर्ची घरून केबिनमध्ये आणवली, चार लोकांत 'हे आमच्या लेखकाचं काम' असं म्हणाला, आणि बसला. असा बसला की गुडघे हनुवटीला लागले. शिपायानं आणि मी एकेक हात धरून ओढला तेव्हा वर आला. पुढचे कितीतरी दिवस लेखक तक्रारींच्या खिडकीवर होता. वाढीव बिलं घेऊन येणाऱ्यांच्या शिव्या खात.

दुसरा कुणी असता तर वेताचं नाव टाकलं असतं. ह्यानं उलट केलं. शिव्या खाऊन घरी यायचा आणि बादलीत वेत भिजत घालायचा. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, परत उभ्या, परत आडव्या, मग दोन्ही अंगांनी तिरक्या. पट्टी सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी. खाली ओल्या ओल्या गाठी मारायच्या. वेत ओला असतो तोवर मऊ, म्हणाल तिकडं वळतो. वाळला की आखडतो आणि बैठक अशी ताणून बसते, की टिचकी मारली तर टणकन वाजते. साहेबाची खुर्ची त्यानं परत मागून आणली, परत विणली. ह्या वेळी साहेब आधी हातानं दाबून बघून, मग देवाचं नाव घेऊन बसला. खुर्ची हलली नाही. लेखक पुन्हा आपल्या टेबलावर आला.

आणि मग खुर्च्या यायला लागल्या. ऑफिसातल्यांच्या, दवाखान्यातल्या डॉक्टरच्या, गल्लीतल्या, गल्लीतल्यांच्या पाहुण्यांच्या. जिना चढून माणूस यायचा, खुर्ची टेकवायचा, घाम पुसायचा, आणि जाताना न चुकता म्हणायचा, "तुमचं पुस्तक पण वाचायचंय हं एकदा." सगळे म्हणायचे. जसं काही खुर्चीबरोबर ते वाक्य द्यावंच लागतं. लेखक दर वेळी आत जाऊन प्रत आणायला निघायचा, आणि बाहेर येईपर्यंत माणूस खालच्या पायरीवर पोचलेला असायचा.

पैसे तो घ्यायचा नाही. ह्यावरून घरात रोज जुंपायची.

"घ्या हो," वहिनी म्हणायची. "पाठ मोडते, डोळे जातात. लोक काय तुमचे जावई आहेत?"

"पैसे घेतले की मी खुर्चीवाला झालो."

"आणि न घेतल्यानं काय झालात?"

"लेखक. लेखकाचा छंद आहे हा."

"लोकांना दोन्ही फुकट पडतंय," वहिनी म्हणाली आणि भांडी आपटत आत गेली.

मेहुणा आला की त्यात तेल ओतायचा. तो ट्रकच्या टायरचा धंदा करायचा, बोलण्यात मागचापुढचा विचार नव्हता. "दाजी, दोन पुस्तकं लिहून जेवढं नाव झालं नाही, तेवढं लोकांच्या बुडाखाली काम करून झालं बघा. मी म्हणतो, लाइन चुकली होती तुमची."

लेखक हसायचा. मेहुण्याला वाटायचं, विनोद आवडला.

टेबल हळूहळू खुर्च्यांचं झालं. कागद आधी एका बाजूला सरकले, मग खाली, मग पलंगाखालच्या पेटीत. तरी तो लिहायचा. एखादी ओळ जुळत यायची आणि मधेच त्याला आठवायचं की वेत बादलीत आहे. जास्त भिजला तर काळा पडतो. म्हणून उठायचा. वेत वाचायचा, ओळ जायची. एकदा मला म्हणाला, "खुर्चीचं बरं असतं रे. शेवटची गाठ मारली की झाली. माणूस येतो, बसतो, उठतो, छान म्हणतो. कादंबरीवर कुणी बसूनसुद्धा बघत नाही."

मी म्हटलं, "तू ती पुरी तर कर आधी."

"करतो. निवृत्त झालो की करतो."

आणि केली खरंच. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत बँडेज बांधून बसला. दवाखान्यातून वहिनीनंच आणलं होतं, तिनंच बांधलं होतं. लेखणी धरता येईल एवढी दोन बोटं तेवढी मोकळी. खुर्ची घेऊन कुणी आलं की ती दारातच सांगायची, "हात दुखावलाय त्यांचा. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय." दवाखान्यातली बाई सांगते म्हटल्यावर कोण शंका घेणार? लोक हळहळायचे. खुर्ची मात्र परत न्यायचे नाहीत. "राहू द्या, बरा झाला की बघतील," म्हणून जिन्यात ठेवून जायचे. जिना असा भरला की मला त्याच्याकडं जायला अंग चोरून वर चढावं लागायचं. वर गेलो की हा बँडेज घातलेल्या हातानं लिहीत बसलेला. पाठ तीच, पण ती पाठ बघून त्या दिवसांत वहिनी काही बोलायची नाही. पाय न वाजवता चहा आणून ठेवायची.

कादंबरी पुरी झाली त्या दिवशी मी होतो तिथं. कागदांचा गठ्ठा चांगला वीतभर उंच झाला होता. त्यानं तो खाकी कागदात गुंडाळला, बँडेज सोडून फेकलं, आणि सुतळीऐवजी वेताच्या दोन पट्ट्या बादलीत भिजवून घेतल्या.

"सुतळी संपली का घरात?" वहिनी म्हणाली.

"वाळल्यावर बघ. केसभर हलणार नाही."

उभी एक, आडवी एक पट्टी घातली, ओलीच ओढली, खाली गाठ मारली. खुर्चीच्या पोटाला मारतात तशीच. त्याच्या हाताला आता दुसरी गाठ येतच नव्हती म्हणा.

वहिनी गठ्ठ्याकडं बघत उभी होती. "बांधायच्या आधी मी वाचली असती की," ती म्हणाली. असं काही ती सहसा बोलायची नाही.

"आता बांधली," लेखक म्हणाला. "छापल्यावर वाच. नीट वाटतं."

ती म्हणाली, "बरं."

प्रकाशकाकडं तो स्वतः जाऊन देऊन आला. पहिल्या दोन कादंबऱ्या काढणारे थोरले प्रकाशक वारले होते. आता त्यांचा मुलगा बघायचा. आम्ही त्याला धाकटे म्हणायचो, होता पन्नाशीचा. धाकट्यानं गठ्ठा ठेवून घेतला, बघतो म्हणाला. मग नुसतं थांबणं. आधी लेखक फोन वाजला की उठायचा. मग वाजला तरी बसून राहायचा आणि वहिनीच्या तोंडाकडं बघायचा. जिन्यातल्या खुर्च्या एक एक आत आल्या आणि विणून गेल्या. पावसाळा गेला, थंडी सरत आली.

आणि एक दिवस धाकटे प्रकाशकच दारात. खाली मोटार. लेखकाची धांदल बघण्यासारखी होती. टेबलावरचे वेताचे तुकडे हातानंच लोटून खाली टाकले, चांगली खुर्ची पुढं केली. वहिनीनं ठेवणीतले कप काढले.

धाकट्यांनी चहा घेतला, हवापाण्याचं झालं. मग म्हणाले, "ड्रायव्हरला जरा वर बोलावतो. एक वस्तू आणलीय."

ड्रायव्हर खुर्ची घेऊन वर आला. जुनी, भरदार, हातांवर कोरीव काम, बैठकीला मोठं भोक.

"वडिलांच्या बैठकीतली. अशा सहा आहेत. ही नमुन्याला. ही जमली की बाकीच्या पाच पाठवतो. आमच्याकडं पंधरवड्यात कार्यक्रम आहे, तेवढं बघा."

"आणि ते... कादंबरीचं?" लेखकानं विचारलं.

"बघतो ना. त्याची काय घाई आहे?"

ते गेल्यावर वहिनी म्हणाली, "जावयाला तरी लाज असते."

पण लेखकानं ती खुर्ची मनावर घेतली. मी त्याच्या कितीतरी खुर्च्या बघितल्यात, तशी दुसरी बघितली नाही. वेत निवडून निवडून घेतला, गाठीचा एक तुकडा येऊ दिला नाही. कडेची पट्टी अशी बसवली की भोकं कुठं होती ते सांगता येऊ नये. मला उघड बोलला नाही, पण मला दिसत होतं, तो खुर्ची विणत नव्हता, अर्ज करत होता.

न्यायला मी बरोबर गेलो, टेम्पोत खुर्ची धरायला कुणीतरी हवं होतं. प्रकाशकाचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, वाचायला आलेल्या हस्तलिखितांनी भिंत भरलेली. आम्ही खुर्ची मधोमध ठेवली. धाकटे बसले, उठले, परत बसले, कारकुनालाही बसवून बघितलं. "वा! वडील असते तर खूश झाले असते."

लेखक हसला. आणि हसता हसता त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. मी त्याच्या नजरेच्या मागं गेलो. धाकट्यांच्या खांद्यामागं, कमरेइतक्या उंचीच्या फळीवर, खाकी गठ्ठा. वर वेताच्या दोन पट्ट्या, एकमेकींना छेदून गेलेल्या, ताणून बसलेल्या, चकचकीत. खाकी कागदाला एक सुरकुती नव्हती. ओला बांधलेला वेत वाळला की सुटत नाही, कापावा लागतो. आणि कापलेला परत जोडता येत नाही. हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"तर तुमची कादंबरी," धाकटे म्हणाले. "वाचली मी. खरं सांगायचं तर दोनदा वाचली."

लेखकाची नजर गठ्ठ्यावरच होती.

"जमलीय. तुमचा हात आहेच. फक्त मधे जरा सैल पडते."

"मधे म्हणजे कुठं?" लेखकानं शांतपणे विचारलं.

"मधेच हो. तो आपला नायक... तिथं जरा..."

"काय करतो तिथं नायक?"

"तेच म्हणतोय मी! काही करतच नाही."

लेखकानं मान हलवली. मला वाटलं, आता हा उठून त्याच्या अंगावर जाणार. पण तो तसा माणूस नव्हता. आणि खरं तर धाकट्याचा दगड अंधारात मारलेला असला तरी बरोबर जागी बसला होता. त्या कादंबरीतला माणूस, लेखकानंच मला सांगितलं होतं, काहीच करत नाही. दारं उघडतात, तो मीटर बघतो, बाहेर पडतो.

"मी एक वेगळं सुचवतो," धाकटे पुढं सरकून म्हणाले. "कादंबऱ्या आज कोण घेतं? तुम्ही ह्या खुर्च्यांवर लिहा. लेखकाचा छंद. कसं शिकलात, काय काय गमती झाल्या. रंगीत फोटो टाकू. हे मी लगेच छापतो, तोंडाचा शब्द."

"मी छंद नव्हता म्हणून थाप मारली होती," लेखक म्हणाला. "फोनवर. म्हणून शिकलो."

धाकटे खो खो हसले. "फक्कड! हे पहिल्याच प्रकरणात घ्या!"

लेखक उठला. फळीपाशी गेला, गठ्ठा काढून हातात घेतला.

"अहो, राहू द्या की. परत एकदा वाचतो."

लेखकानं पट्टीला टिचकी मारली. टणकन वाजली. खोलीभर आवाज झाला. धाकट्यांनी नुसतं बघितलं, त्यांना त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

"बाकीच्या पाच खुर्च्या पाठवा," लेखक म्हणाला. "पैसे पडतील. ही झाली तिचेही."

धाकट्यांचा चेहरा उतरला. "पैसे? अहो, तुम्ही तर छंद म्हणून करता ना?"

"छंद लेखकाला असतो," तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला.

टेम्पोत गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. मी काहीबाही बोललो, दुसरे प्रकाशक असतात वगैरे. तो म्हणाला, "तू वाचतोस?" मी म्हटलं, "वाचतो की, दे." त्यानं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. माझ्या 'वाचतो की'मध्ये त्याला जिन्यावरची सगळी माणसं ऐकू आली असतील. गठ्ठा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली. 'वेताच्या खुर्च्या विणून मिळतील.' खिळा स्वतः ठोकला. वहिनी दवाखान्यातून आली, पाटी बघून खालीच थांबली. एवढी वर्षं हेच तर मागत होती बाई. वर आली, पिशवी ठेवली, आणि म्हणाली, "आता दवाखान्यात विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात, तर काय सांगायचं मी?"

"पाटीवर लिहिलंय ते."

ती पिशवी उचलून आत गेली.

पैसे लागतात म्हटल्यावर निम्मे लोक फिरकायचे बंद झाले. साहेब तर रस्ता बदलून जायला लागला. धाकट्यांच्या पाच खुर्च्या आल्याच नाहीत. त्यांनी म्हणे प्लास्टिकच्या घेतल्या, धुवायला सोप्या. पण जे येत ते नीट येत, भाव करत, आणि जाताना पुस्तकाचं नाव काढत नसत. मेहुणा आला, त्यानं पाटी वाचली, आणि पहिल्यांदा चेष्टा केली नाही. "बरं झालं दाजी," एवढंच म्हणाला, आणि लवकर गेला. लेखकाला ते जास्त लागलं.

गठ्ठा टेबलावरच असायचा. वेताच्या पट्ट्या भिजवून काढल्या की त्या वेड्यावाकड्या होतात, सरळ व्हायला त्यांच्यावर वजन ठेवावं लागतं. गठ्ठ्याचं वजन बरोबर होतं. खाकी कागद ओल खाऊन डागळला, पण पट्ट्या तशाच, ताणलेल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा पुरवणीतून कुणी आलं. आता दुसरी मुलगी होती. आधीच्या पानाची तिला कल्पनाही नव्हती. हातानं काम करणाऱ्या माणसांवर लिहीत होती. मी योगायोगानं तिथंच होतो, माझ्या घरची खुर्ची घेऊन गेलो होतो. तिनं खूप विचारलं. वेत कुठून येतो, एका खुर्चीला किती वेळ लागतो, पाठ दुखते का. लेखक हात न थांबवता सांगत होता.

"आणि काका, काम नसतं तेव्हा? काही छंद वगैरे?"

त्याचा हात थांबला. "नाही," तो म्हणाला. "छंद काही नाही."

वहिनी आतल्या दारात उभी होती. "लिहितात ते," ती म्हणाली.

लेखकानं मान वर केली नाही.

"अरे वा!" मुलगी म्हणाली. "काय लिहिता? कविता?"

"कादंबरी आहे," वहिनीच म्हणाली, आणि गठ्ठ्याकडं हात केला. "ती."

मुलीनं बघितलं. ओल्या पट्ट्यांवर ठेवलेला डागळलेला गठ्ठा. तिला कौतुक वाटलं असावं, किंवा तसं दाखवावं असं वाटलं असावं. "कशावर आहे? तुम्ही वाचलीय, काकू?"

वहिनीनं नवऱ्याकडं बघितलं. तो भोकातली खुंटी दाबून बसवत होता. आधीच घट्ट बसली होती ती.

"छापल्यावर वाच म्हणाले होते," वहिनी म्हणाली.

मुलगी "अच्छा" म्हणाली. हातातलं पेन तिनं कागदाला लावलं नाही. मग तिनं विचारलं, वेत साधारण किती वेळ भिजवता?

"मऊ होईपर्यंत," लेखक म्हणाला. त्यानं एका हातानं गठ्ठा उचलला, खालून एक पट्टी ओढून घेतली, आणि गठ्ठा परत जागेवर ठेवला.